ख्रिस्तपुराणाचें नित्यवाचन व त्याच्या हस्तलिखित प्रती

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाविषयीं मराठींत जें लिहिलें गेलें आहे, तें बहुतेक भाषेच्या किंवा काव्याच्या अंगानें. ग्रंथारंभींची मराठीची स्तुति, ओवीची ठेवण, कोंकणीचें मिश्रण, यांचा ऊहापोह पुष्कळ झाला. परंतु ज्या लोकांकरितां हा ग्रंथ रचला गेला त्यांनीं तो कसा वाचला, आणि त्या वाचनाच्या आधारानें त्यांनीं काय सोसलें, या प्रश्नाकडे फारसें कोणी वळलेलें नाहीं. हस्तलिखितांच्या संग्राहकांस हा प्रश्न परका वाटूं नये. कारण त्याचें उत्तर असलें तर तें पोथ्यांच्या पानांवरच आहे. या ग्रंथाच्या १६१६, १६४९ व १६५४ अशा तीन आवृत्त्या छापून निघाल्या. त्यांपैकीं एकाहि आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाहीं. जें छापलें तें गेलें, आणि जें हातानें लिहून काढलें तें राहिलें. हा उलटा प्रकार कसा घडला, हें सांगण्याकरितां प्रस्तुत टिपण लिहीत आहों.

ग्रंथकर्त्याची हकीकत थोडक्यांत सांगतों. स्टीफन्स हा इंग्लंडांतील विल्टशायर परगण्याचा. जन्म १५४९ च्या सुमाराचा. रोम येथें १५७५ सालीं तो जेझुइट पंथांत शिरला, १५७९ च्या एप्रिलांत लिस्बनहून निघाला व त्याच सालच्या २४ आक्टोबरास गोव्यास पोंचला. तेथून बापास लिहिलेलें त्याचें पत्र हॅक्लुटच्या प्रवाससंग्रहांत छापलेलें आहे. पुढचीं चाळीस वर्षें, म्हणजे १६१९ सालीं मरण येईपर्यंत, तो बहुतेक सासष्टीतच राहिला. ख्रिस्तपुराण रायतूर (राचोल) येथें छापून निघालें तेव्हां त्याचें वय सदुसष्टाच्या आसपास होतें. त्याची कोंकणी ख्रिस्ती तत्त्वांची पोथी १६२२ सालीं आणि व्याकरण १६४० सालीं, म्हणजे दोन्ही त्याच्या मागें प्रसिद्ध झालीं.

ग्रंथ कां लिहावा लागला, याचें कारण स्वतः ग्रंथांतच पहिल्या अवस्वरांत सांगितलें आहे, आणि आमच्या मतें साऱ्या प्रकरणाची किल्ली तेथें आहे. देवळांत धर्मशिक्षण चाललें असतां एक ब्राह्मण पाद्रीस विचारतो: पूर्वींचीं पुराणें आम्हांस वर्ज्य केलींत, पण त्यांच्या जागीं वाचावयास कांहीं दिलें नाहीं, आतां आम्हीं काळ कशानें घालवावा? हा प्रश्न काल्पनिक मानण्याचें कारण नाहीं. १५६७ सालीं सासष्टींतील देवळें पाडलीं गेलीं. त्याच्या आगेंमागें घरोघरच्या पोथ्या जप्त होत होत्या. त्या जप्त पोथ्यांचें पुढें काय झालें याचा एक पुरावा पोर्तुगालांत ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयांत आहे. रामायण-महाभारतांतील कथा व मराठी ओव्या रोमन लिपींत उतरून घेतलेलीं बाडें तेथें ठेविलेलीं आहेत. पाद्री लोक मराठी शिकले ते अशा मजकुरावर. ज्या लोकांपासून पुराणें काढून घेतलीं त्यांच्याच पुराणांवरून नव्या पुराणाचा सांचा तयार झाला, ही गोष्ट कडू आहे. ती झांकून ठेवून या ग्रंथाचा नीट विचार करतां येणार नाहीं. सासष्टीचा ख्रिस्ती धर्म राजसत्तेच्या हातानें आला, हें विसरलें तर पुढें राजसत्तेच्याच विरुद्ध तो कसा टिकला याचें नवलहि वाटणार नाहीं.

ब्राह्मणाच्या प्रश्नांत वाचनाची भूक आहे, नुसत्या उपदेशाची नाहीं. वर्षाचे दिवस पोथीच्या वाचनानें भरून काढण्याची ज्या समाजास संवय होती, त्यास रविवारचें प्रवचन पुरेसें होणें शक्य नव्हतें. स्टीफन्सनें हें ओळखलें, आणि त्यानें प्रश्नोत्तरांची लहान पोथी न देतां पुराणच दिलें. आरंभीं नमन, मग श्रोत्यांची शंका व वक्त्याचें समाधान, मग कथेचा विस्तार, अशी सारी मांडणी पुराणिकाची आहे. स्वर्गास वैकुंठ म्हणण्यासहि तो कचरला नाहीं. ग्रंथाचे दोन भाग आहेत. ‘पैलें पुराण’ सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा सांगतें. ‘दुसरें पुराण’ ख्रिस्ताचा जन्म, उपदेश, दुःखसहन, पुनरुत्थान व स्वर्गारोहण सांगतें. पहिल्यांत ३६ अवस्वर, दुसऱ्यांत ५९, एकूण ९५; ओव्यांची मोजदाद १०,९६२ अशी दिली जाते.

या आंकड्यांचा वाचनाच्या दृष्टीनें कोणी हिशेब केल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं, म्हणून येथें करून ठेवितों. एका अवस्वरास सरासरी ११५ ओव्या पडतात. सावकाश, सुरावर, ऐकणारास अर्थ लागेल अशा बेतानें मिनिटास पांच-सहा ओव्या म्हटल्या, तर एक अवस्वर सुमारें वीस मिनिटांत पुरा होतो. संध्याकाळीं दिवा लागल्यावर घरांतील माणसें एकत्र बसून ऐकतील एवढाच हा वेळ. रोज एक अवस्वर घेतला तर तीन महिने व चार-पांच दिवसांत ग्रंथ पुरा होईल. दर रविवारीं एक घेतला तर दोन वर्षांस थोडे दिवस कमी लागतील. कांहीं अवस्वर लांब, कांहीं आंखूड, तेव्हां हा हिशेब ठोकळ आहे. तरी ग्रंथ बैठकीच्या मापानें कापलेला आहे हें त्यावरून स्पष्ट होतें. गोव्यांत तो रविवारीं व सणावारीं देवळांत वाचून दाखविला जात असे. देवळांतून तो घरांत गेला, आणि तसें होण्यास ग्रंथाची ही घडणच कारण झाली. आपल्याकडे ज्ञानेश्वरीचें किंवा भागवताचें नेमानें वाचन करणाऱ्यास ही गोष्ट निराळी समजावून सांगावयास नको: कालचा भाग आज पुढें चालतो, उद्यांचा कालच्यावर आधारतो, आणि दुःखाच्या दिवशीं जो प्रसंग पुढें येतो तो त्या दिवसाकरितांच लिहिला होता असें वाटूं लागतें. धीर मिळतो तो बहुधा अशा रीतीनें. एखाद्या निवडक वचनापेक्षां नेमाचा उपयोग अधिक होतो.

कॅथलिक लोकांस त्या काळीं देशभाषेंत बायबल मिळत नव्हतें. मराठींत मत्तयाचें शुभवर्तमान सेरामपूर येथें छापलें गेलें तें १८०५ सालीं, आणि तेंहि प्रॉटेस्टंट मंडळींनीं. म्हणजे जवळजवळ दोनशें वर्षें सासष्टीच्या व कानड्याच्या ख्रिस्ती माणसास शास्त्रवचनाचें चिंतन करावयाचें तर हें पुराण हाच मुख्य आधार होता. एतिएन द ला क्र्वा या फ्रेंच जेझुइटाचें संत पीटरावरील पुराण १६२९ पासून छापून निघालें खरें. परंतु तें एका प्रेषिताचें चरित्र आहे, आरंभापासून सर्व कथा सांगणारें नव्हे.

स्टीफन्सची इच्छा ग्रंथ देशी अक्षरांत छापावा अशी होती. १६०८ च्या डिसेंबरांत त्यानें रोम येथील आपल्या पंथप्रमुखास जें पत्र लिहिलें त्यांत, या देशाच्या भाषेंत व लिपींत पुस्तकें छापलेलीं पाहण्याची आपली इच्छा पुष्कळ वर्षांची आहे असें तो सांगतो, आणि मोठी अडचण सांगतो ती खिळ्यांची: युरोपांत चोवीस अक्षरांवर भागतें, येथें जोडाक्षरें धरून सहाशांपर्यंत सांचे पाडावे लागतील. त्याचा अर्ज फळास आला नाहीं. पुराण रोमन लिपींत छापलें गेलें. ण करितां दोन एन, श करितां एक्स, अशा पोर्तुगीज वळणाच्या योजनेनें. याचा एक परिणाम असा झाला कीं, नागरी अक्षर ओळखणारा जो मूळचा शंका विचारणारा, त्याच्या नातवंडांस वाचावयाचें तर रोमन अक्षर शिकावें लागलें. पाद्रींच्या शाळेंत तें शिकविलें जाई, म्हणून वाचणारे मिळाले. परंतु घरांत एक वाचणारा आणि बाकीचे ऐकणारे, असेंच बहुतेक ठिकाणीं असावें.

१६५४ नंतर हें पुराण पुन्हा छापलें गेलें नाहीं. १६८४ च्या जूनांत व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर यानें देशभाषा टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज भाषा घेण्याचा हुकूम काढला. सतराव्या शतकाच्या अखेरीस गोव्यांतील छापखाने थंडावले, ते १८२१ पर्यंत पुन्हा सुरू झाले नाहींत. १७५९ सालीं जेझुइटांस पोर्तुगीज राज्यांतून घालवून दिलें. ग्रंथाचा कर्ता, छापणारा व पुरस्कर्ता असे तिघेहि अशा रीतीनें नाहींसे झाले. मग तो टिकविला कोणीं? ज्याच्या घरीं फाटकी छापील प्रत किंवा शेजाऱ्याकडून आणलेलें बाड होतें अशा साध्या माणसांनीं. त्यांनीं कागद विकत घेतला, अकरा हजार ओव्या परक्या लिपींत एकेक करून उतरल्या. हें काम करून घेण्यास कोणी राजा, मठ वा संस्था पैसा देत नव्हती. कोणतीहि पोथी इतक्या मोठ्या श्रमानें पुन्हा पुन्हा उतरली जाते तेव्हां ती वापरांत आहे असेंच समजावें.

आतां कानडा प्रांताकडे वळतों. गोव्यांतील दुष्काळ, स्वाऱ्या, कर व धर्मन्यायालयाचा जाच यांमुळें सोळाव्या-सतराव्या शतकांपासून पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबें दक्षिणेस मंगळूरकडे जाऊन वसलीं. त्यांनीं आपल्याबरोबर हें पुराण नेलें. इंग्रजांस मदत केल्याच्या संशयावरून टिपू सुलतानानें १७८४ च्या फेब्रुवारींत, ख्रिस्ती उपवासकाळाच्या तोंडास, या लोकांस धरून श्रीरंगपट्टणास नेलें. नेलेल्यांचे आंकडे तीस हजारांपासून ऐंशी हजारांपर्यंत निरनिराळे दिले जातात. गोव्याहून आलेल्या पाद्रींस हद्दपार केलें होतें. वाटेंत व कैदेंत पुष्कळ मेले, पुष्कळांस सक्तीनें धर्मांतर करावें लागलें, तरुणांस पलटणींत घातलें. १७९९ च्या मे महिन्यांत श्रीरंगपट्टण पडलें तेव्हां जे वांचले त्यांतील बरेच परत कानड्यांत येऊन पुन्हा ख्रिस्ती म्हणून राहूं लागले. मंगळूरच्या घराण्यांत अशी परंपरा चालत आली आहे कीं, त्या पंधरा वर्षांत ख्रिस्तपुराणाच्या वाचन-पठणानें लोकांचा धीर टिकला.

या परंपरेची किंमत किती? कागदोपत्रीं प्रमाण मागणारे ती सहज उडवून लावतील, आणि भाविक तीवर बोट ठेवूं देणार नाहींत. आमचें मत मधलें आहे. धरपकडीच्या वेळीं हजार पानांचें बाड बरोबर घेण्यास सवड व हिंमत किती जणांस झाली असेल? अगदीं थोड्यांस. म्हणून कैदेंत नियमानें पोथी वाचली जात होती हें जसेंच्या तसें स्वीकारणें अवघड आहे. पण परंपरा ‘पठण’ म्हणते, आणि ओवी ही पाठ होण्याकरितांच असते. तीन यमकांची सांखळी व चौथा आंखूड चरण एकदां कानीं बसला कीं सुटत नाहीं. त्या पंधरा वर्षांत रविवार सुमारें ७८० आले. त्यापूर्वीं सव्वाशेंहून अधिक वर्षें दर रविवारीं व सणास ज्या घराण्यांनीं ऐकलें, त्यांतील कांहीं माणसांच्या तोंडीं दहा-वीस अवस्वर असणें अगदीं संभवनीय आहे. शिवाय पाद्री नव्हते, देऊळ नव्हतें, संस्कार नव्हते. अशा स्थितींत धर्माचें जें अंग गृहस्थाच्या एकट्याच्या हातीं राहूं शकतें तें स्मरण. मोशेनें इजिप्तच्या दास्यांतून लोक सोडविल्याची कथा पैल्या पुराणांत आहे, ख्रिस्ताच्या छळाची दुसऱ्यांत. कैदेंतील माणसाच्या जिभेवर कोणत्या ओव्या आल्या असतील याचा तर्क करण्यास फार पांडित्य नको. आणि ज्या धर्माचा त्याच्या पणजोबांवर एका राजानें जुलूम केला होता, तोच सोडावा म्हणून दुसरा राजा जुलूम करीत असतां त्यानें तो सोडला नाहीं. मधल्या दोनशें वर्षांत तो धर्म त्याचा स्वतःचा झाला होता. हें दोनशें वर्षांचें काम हुकुमांनीं झालें नाहीं, संध्याकाळच्या वाचनानें झालें, असें आम्हांस वाटतें.

हें मान्य केलें तर हस्तलिखितांकडे पाहण्याची आपली रीत थोडी बदलावी लागेल. ख्रिस्तपुराणाच्या प्रतींचे ठळक दोन वर्ग आहेत. एक रोमन लिपींतील, गोवें व कानडा येथील. याच वर्गावरून जोसेफ साल्ढाणा यांनीं मंगळूर येथें १९०७ सालीं ग्रंथ प्रथम पुन्हा छापला. दुसरा वर्ग म्हणजे विल्यम मार्सडेन याच्या संग्रहांतील देवनागरी प्रत. मार्सडेननें आपला ग्रंथसंग्रह १८३५ सालीं लंडनच्या किंग्ज कॉलेजास दिला. तेथून तो पौर्वात्य विद्यांच्या शाळेंत आला. जस्टिन अ‍ॅबट यांनीं १९२० नंतरच्या दशकांत तिकडे अभ्यासकांचें लक्ष वेधलें व ही देवनागरीच मूळ संहिता होय असें प्रतिपादन केलें. रोमन प्रतींत जेथें पोर्तुगीज-लॅटिन शब्द आहेत तेथें मार्सडेन प्रतींत पुष्कळदां मराठी-संस्कृत शब्द आढळतात, भाषाहि अधिक घोटीव आहे. शांताराम बंडेलू यांनीं १९५६ सालीं पुण्यास नागरी आवृत्ति काढून मराठी वाचकांस ग्रंथ प्रथम सुलभ केला. कारिदाद द्रागो यांची आवृत्ति १९९६ सालीं मुंबईस निघाली, ती मार्सडेन प्रतीवर आधारलेली आहे. नेल्सन फाल्कांव यांची अर्थासह आवृत्ति २००९ सालची.

मूळ कोणतें, हा वाद पंडितांनीं खुशाल चालवावा. आमचा आक्षेप निराळा आहे. मार्सडेन प्रतीच्या तेजापुढें रोमन प्रती ‘भ्रष्ट’ म्हणून बाजूस सारण्याची प्रवृत्ति वाढत चालली आहे, ती आम्हांस घातक वाटते. स्वच्छ नागरी प्रत ही ग्रंथकर्त्याच्या अगर एखाद्या विद्वान लेखकाच्या हाताची असूं शकेल. परंतु तिनें श्रीरंगपट्टण पाहिलें नाहीं, मंगळूरचें घर पाहिलें नाहीं. वाचणाऱ्यांचा इतिहास भ्रष्ट प्रतींत आहे. मराठी शब्द घसरून कोंकणी झाला असेल, तर वाचणारानें तो आपल्या जिभेवर बसवून घेतला होता असा त्याचा अर्थ होतो. अपपाठांतहि भेद करावा लागतो. रोमन लिपींत यू व एन, सी व ई यांची अदलाबदल झाली किंवा सारख्या शेवटाच्या दोन ओळींपैकीं एक गळली, तर ती चूक डोळ्याची, म्हणजे लेखकापुढें दुसरी प्रत होती. न-ण, ल-ळ, ऱ्हस्व-दीर्घ यांचा घोळ, समानार्थी शब्दाची अदलाबदल, ओव्यांचा मागेंपुढें झालेला क्रम, या चुका कानाच्या व स्मरणाच्या. एखाद्या कानडी प्रतींत एखाददुसरा अवस्वरच दुसऱ्या प्रकारच्या चुकांनीं भरलेला आणि बाकीचे पहिल्या प्रकारच्या, असें दिसून आलें, तर तो भाग कोणी तोंडानें सांगून लिहविला असावा असा तर्क सबळ होईल. परंपरेस कागदाचा आधार मिळावयाचा तर तो अशाच ठिकाणीं मिळेल.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, या ग्रंथाची खंडित, जीर्ण किंवा अर्धवट प्रत हातीं आल्यास ती पूर्ण प्रतीच्या अभावीं निरुपयोगी समजूं नये. नुसत्या दुःखसहनाच्या भागाची नक्कल केलेली असेल, तर ती उपवासकाळांतील वाचनाकरितां केली असण्याचा संभव मोठा. पानांचा खालचा कोपरा कोणत्या अवस्वरांत अधिक झिजला आहे, तेलाचे किंवा मेणाचे डाग कोठें आहेत, मध्येंच थांबण्याच्या खुणा आहेत काय, शेवटीं लेखकाचें, मालकाचें नांव व सन आहे काय, फाटलेलीं पानें पुन्हा कोणी लिहून जोडलीं आहेत काय, हें सारें पानाच्या आंकड्यासह टिपून ठेवावें. जुनी लोहयुक्त काळी शाई दमट हवेंत कागद खाते. अशा पानांस उन्हांत वाळविण्याचा किंवा डिंकानें कागद चिकटविण्याचा मोह टाळावा, आणि प्रथम छायाचित्र घ्यावें. बांधणी नवी करतांना जुना दोरा व पुठ्ठा फेंकूं नये; पुठ्ठ्यांत भरलेल्या रद्दी कागदांतून एखाद्या छापील आवृत्तीचें पान निघणें अशक्य नाहीं. आणि प्रत ज्या घरांतून मिळाली त्या घरच्या वृद्धांस, ही कोणत्या दिवसांत, कोण, कोणत्या सुरावर वाचीत असे, हें प्रत उचलण्याआधीं विचारून घ्यावें.